खाण बंद होते, तेव्हा गावाचे काय?

(चंद्रपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



चंद्रपूरकरांसमोर कोळशावर बोलणे म्हणजे काशीच्या पंड्याला गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील कर्ता पुरुष 'वेकोलि'त पाळी करून आला असेल, अनेकांचे दुकान पगाराच्या तारखेवर चालत असेल. म्हणून कोळसा कसा निघतो, हे मी आपल्याला सांगणार नाही. कोळसा निघणे थांबते तेव्हा काय होते, हा आजचा विषय आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. खाणी बंद होणे ही युरोपातील गोष्ट आहे, आपल्याकडे तर नव्या खाणी उघडत आहेत, असे पुष्कळांना वाटते. यातील दुसरा भाग खराच आहे. २०२४-२५ या वर्षी भारताने प्रथमच १०० कोटी टनांचा टप्पा ओलांडला. परंतु याच काळात आपल्याच देशात शेकडो खाणी बंद वा सोडून दिलेल्या अवस्थेत आहेत. कोल इंडियाकडे एके काळी साडेसहा लाखांहून अधिक कामगार होते. आज ती संख्या सव्वादोन लाखांच्या आसपास आहे. उत्पादन अनेक पटींनी वाढले आणि माणसे एक तृतीयांश उरली. हे कसे घडले? उत्पादन खुल्या खाणींकडे, यंत्रांकडे आणि कंत्राटदारांकडे गेले. भूमिगत खाणी मागे पडत गेल्या. आज कोल इंडियाच्या एकूण उत्पादनात भूमिगत खाणींचा वाटा पाच टक्क्यांहूनही कमी आहे. हवामानबदलाच्या परिषदांत काय ठरेल ते ठरो. आपल्याकडील खाणी त्याची वाट न पाहता, कोळसा संपला म्हणून किंवा परवडत नाही म्हणून बंद होत आहेत. पेंच आणि कन्हानच्या खोऱ्यात, परासिया, जुन्नारदेव, दमुआ या गावांतून एकदा फेरी मारून या, म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल.

वरोऱ्याचा धडा

फार लांब जाण्याचेही कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा घडून गेली आहे. वरोऱ्याला १८७१च्या सुमारास सरकारी कोळसा खाण सुरू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा टाकण्यात आला. त्याचे नावच मुळी 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' असे होते. १९०६ साली ती खाण बंद पडली आणि सरकारचे लक्ष बल्लारपूरकडे वळले. वरोरा म्हटले की आज आपल्याला आनंदवन आठवते. तेथे एके काळी कोळशाची खाण होती, हे वरोऱ्यातील नव्या पिढीलाही सांगावे लागते.

मग वरोरा ओस का पडले नाही? माझ्या मते याची कारणे दोन. पहिले म्हणजे, खाणीबरोबर आलेली रेल्वे खाणीबरोबर गेली नाही. ज्या रुळांवरून कोळसा जात होता, त्याच रुळांवरून कापसाच्या गाठी जाऊ लागल्या. आणि दुसरे म्हणजे, वरोऱ्याच्या भोवती कापूस पिकवणारा शेतकरी होता, गावात सरकी काढणारे व गाठी बांधणारे कारखाने होते, अडते होते, हुंड्या वटवणारे सावकार होते. खाण हा त्या गावाचा एक व्यवसाय होता, एकमेव व्यवसाय नव्हता. पुढे ती रेल्वे बल्लारशाहपर्यंत गेली, १९२९ मध्ये काझीपेठशी जोडली गेली आणि उत्तर-दक्षिण भारताला जोडणारा हमरस्ता झाली. कोळशासाठी टाकलेल्या रुळांनी कोळशाहून कितीतरी मोठे काम केले.

१९७३च्या राष्ट्रीयीकरणानंतर आपल्याकडे ज्या वसाहती वसल्या, त्यांना हे भाग्य नाही. त्यांच्या भोवतीची शेतीच खाणीने घेतलेली आहे. तेथील रस्ता खाणीकडे जातो आणि खाणीपाशी संपतो.

पगाराची तारीख

कोलियरीच्या वसाहतीत पैसा कसा फिरतो, हे जरा तपशिलाने पाहू. कायम कामगाराचा पगार बँकेत जमा होतो. त्याचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार ठरते. भारतीय मजदूर संघासह प्रमुख कामगार संघटना त्या वाटाघाटींत बसतात आणि त्यांनी झगडून मिळवलेले हे वेतन आपल्या भागातील कोणत्याही शेतकऱ्याच्या उत्पन्नापेक्षा कितीतरी स्थिर असते. या एका पगारावर किराणा दुकानदार, दूधवाला, शिंपी, शिकवणीवाले सर, मोटारसायकलचा गॅरेजवाला, पानटपरी, आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी आजूबाजूच्या खेड्यांतील बाई, असे सारे उभे असतात. शिवाय कंपनीची शाळा, दवाखाना, वसाहतीतील नळ आणि रस्त्यावरचे दिवेही असतात. आणि या सर्वांच्या खालच्या पायरीवर असतात कंत्राटी मजूर, ट्रकचे क्लीनर आणि सायकलला पोती बांधून कोळसा विकणारे.

आता खाण बंद होते. कायम कामगाराचे काय होते? त्याची नोकरी जात नाही, हे आपण आवर्जून लक्षात घेतले पाहिजे. त्याला दुसऱ्या क्षेत्रात पाठवले जाते किंवा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम दिली जाते. ब्रिटनमधील कामगारावर जी वेळ आली, ती आपल्याकडील कायम कामगारावर आली नाही, याचे श्रेय सार्वजनिक उपक्रमाला आणि संघटनांना दिलेच पाहिजे. परंतु येथेच आपली फसगत होते. कागदावर एकही माणूस बेकार झालेला नसतो, म्हणून कोणतेही नुकसान झाले नाही, असे आपण धरून चालतो.

कामगाराची बदली होते. गावाची बदली होत नाही. किराणा दुकानदाराला कोणी उमरेडला किंवा वणीला नेमणूक देत नाही. उधारीच्या वहीतील नावे एकेक करून गाव सोडतात, तेव्हा ती वही म्हणजे नुसता कागद उरतो. अशाच एका वसाहतीतील दुकानदाराशी मी बोललो होतो. खाण बंद झाल्याचा दिवस त्याला आठवत नव्हता. त्याला आठवत होते ते एवढेच, की दिवाळीला तो पूर्वी किती डबे तेल मागवत असे आणि नंतर किती मागवू लागला. क्वार्टर रिकामी होतात, त्यांची दारे-खिडक्या निघून जातात. शाळेचा पट घटतो आणि मग पट नाही म्हणून शाळाच हलते. ज्या कामगाराचे कुटुंब मुलांच्या शिक्षणासाठी मागे थांबलेले असते, तेही मग जाते.

कंत्राटी मजुराची तर गणनाच कोठे नसते. खाण चालू असताना हजेरीपट ठेकेदाराच्या खिशात असतो आणि बंद झाल्यावर तो ठेकेदारासोबत जातो.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही, ती पाण्याची. भूमिगत खाण चालू असते तोपर्यंत खाणीतील पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर सोडावे लागते. ते नाल्याला जाते आणि त्यावर खालच्या बाजूचा शेतकरी गहू-हरभरा घेतो. खाण बंद झाली की पंप बंद, पंप बंद की नाला कोरडा. त्या शेतकऱ्याचा खाणीशी नोकरीचा काहीही संबंध नसतो, तरी त्याचे एक पीक जाते. तीच गत वसाहतीच्या नळाची आणि दिव्यांची. कंपनीने हात काढून घेतला की ग्रामपंचायतीने ते सांभाळायचे, असे सांगितले जाते. ज्या ग्रामपंचायतीचा करदाताच निघून गेला, तिने ते कशाच्या बळावर सांभाळायचे?

ब्रिटनने काय केले

जगाने हे दुखणे कसे हाताळले, ते थोडक्यात पाहू. ब्रिटनमध्ये मार्च १९८४ मध्ये खाणकामगारांचा संप सुरू झाला, त्या वेळी तेथे सुमारे १७० खाणी चालू होत्या. संप वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये मोडला. संपाची बाजू योग्य की मार्गारेट थॅचर यांची, या वादात मी शिरत नाही. त्यावर तेथील लोक आजही भांडतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतर जे घडले ते. दहा वर्षांत बहुतेक खाणी बंद झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये केलिंग्ली ही शेवटची खोल खाण बंद झाली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही थांबले. ज्या देशाने कोळशावर साम्राज्य उभारले, त्या देशात आज कोळशाची वीज नाही.

शेफिल्ड येथील अभ्यासकांनी या गावांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा एक विचित्र गोष्ट आढळली. खाणगावांतील बेकारीचे सरकारी आकडे अपेक्षेइतके वाढलेच नव्हते. मग माणसे गेली कोठे? ती 'आजारी' या रकान्यात गेली होती. पन्नाशीच्या खाणकामगाराला पाठीचा, फुप्फुसाचा त्रास असतोच. काम असते तोवर तो सहन करीत कामावर जातो आणि काम गेले की डॉक्टरचा दाखला घेऊन अपंगत्वाचा भत्ता घेतो. म्हणजे बेकारी होतीच, फक्त ती दुसऱ्या खात्यावर मांडली गेली. आपल्याकडे ती शेतमजुरीच्या आणि 'घरीच असतो'च्या खात्यावर मांडली जाते, एवढाच फरक.

काही ठिकाणी नवे उद्योग आले. डर्बीशायरमधील शायरब्रुक येथे खाणीच्या जागेवर खेळाच्या सामानाचे प्रचंड गोदाम उभे राहिले. रोजगार आला, पण तो इतका हलक्या प्रतीचा आणि अल्प वेतनाचा होता, की २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. किती नोकऱ्या आल्या, एवढेच मोजून भागत नाही, हे त्या गावाने दाखवले.

आता त्याच देशातील दुसरी गोष्ट. दक्षिण वेल्समध्ये हिरवॉन गावाजवळ टॉवर नावाची खाण होती. १९९४ मध्ये सरकारी कंपनीने ती परवडत नाही म्हणून बंद केली. तेथील २३९ कामगारांनी आपल्याला मिळालेल्या भरपाईतून प्रत्येकी आठ हजार पौंड काढले, ते एकत्र केले आणि खाण स्वतः विकत घेतली. टायरोन ओसुलिव्हन हे त्यांचे नेते. जानेवारी १९९५ मध्ये हे लोक वाजतगाजत पुन्हा खाणीत उतरले. न परवडणारी ठरवलेली ती खाण त्यांनी तेरा वर्षे चालवली, नफ्यात चालवली, आणि २००८ मध्ये कोळसा संपला तेव्हा बंद केली.

टॉवरची ही कथा सांगितली की टाळ्या पडतात. मला मात्र त्यातील तेरा वर्षे महत्त्वाची वाटतात. त्या तेरा वर्षांत मुले शिकली, कर्जे फिटली, प्रौढ कामगार निवृत्तीच्या वयाला पोहोचले. अखेरचा दिवस तेथेही टळला नाही, पण तो घरातल्या लोकांनी ठरवलेल्या वेळी आला. उत्तर इंग्लंडमधील डरहॅममध्ये तर एकही खाण उरलेली नाही. तरी दर जुलैमध्ये जुन्या खाणींचे ध्वज आणि बँड घेऊन तेथील लोक मिरवणुकीने एकत्र येतात. १८७१ पासूनचा हा मेळा आहे. पोट दुसरीकडे भरत असले तरी गाव म्हणून ती माणसे एकत्र राहिली आहेत. आपल्याकडील वारी किंवा महाकालीची यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

साठ वर्षांची निरवानिरव

जर्मनीने दुसरा मार्ग धरला. रूर हा तेथील कोळशाचा पट्टा. १९५० च्या दशकाच्या मध्यास पश्चिम जर्मनीत सुमारे सहा लाख माणसे दगडी कोळशाच्या खाणींत काम करीत होती. १९५७-५८ मध्ये तेल आणि बाहेरचा स्वस्त कोळसा आला, तेव्हा घसरण सुरू झाली. शेवटची खाण, बोट्रॉप येथील प्रोस्पर-हानिएल, बंद झाली ती २१ डिसेंबर २०१८ रोजी. त्या दिवशी वर आणलेला कोळशाचा अखेरचा तुकडा कामगारांनी देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिला. घसरणीचा आरंभ आणि अंत यांत साठ वर्षांचे अंतर आहे.

या साठ वर्षांत सरकारने खाणींना अमाप अनुदान दिले. इतका पैसा बुडीत धंद्यात का घालायचा, अशी टीका तेथेही झाली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पण त्या पैशाने वेळ विकत घेतला. पन्नाशीच्या पुढील कामगाराला निवृत्तीपर्यंत भत्ता, तरुणाला दुसऱ्या खाणीत जागा किंवा नव्या व्यवसायाचे शिक्षण, आणि कोणालाही एकदम रस्त्यावर सोडायचे नाही, असे ठरले. सरकार, मालक आणि कामगार संघटना एकाच टेबलावर बसल्या आणि बसून राहिल्या. १९६८ मध्ये अनेक खाणकंपन्या एकत्र करून एकच कंपनी स्थापन झाली, त्यामुळे एका खाणीतील माणूस दुसऱ्या खाणीत नेता आला.

याहून महत्त्वाचे काम शिक्षणाचे झाले. कोळसा आणि पोलाद यांनी गजबजलेल्या त्या मुलखात १९६० पर्यंत एकही विद्यापीठ नव्हते. कामगारांच्या मुलखात विद्यापीठ आणि लष्करी छावणी दोन्ही नकोत, अशी जुन्या राज्यकर्त्यांची धारणा होती म्हणतात. १९६५ मध्ये बोखुमचे विद्यापीठ सुरू झाले, पाठोपाठ डॉर्टमुंडचे. आज रूरमध्ये अडीच लाखांहून अधिक विद्यार्थी शिकतात. खाणी अजून चालू असतानाच ही पायाभरणी सुरू झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मात्र जर्मनीचे सर्वच गोड मानू नये. बोखुममध्ये १९६२ साली ओपेल मोटारींचा कारखाना आणला गेला, तो खाणीच्या जमिनीवर आणि खाणीतून सुटलेल्या हातांसाठी. तो २०१४ मध्ये बंद झाला. त्याच शहरात नोकिया आली आणि २००८ मध्ये स्वस्त मजुरीसाठी रुमानियाला निघून गेली. एका मोठ्या मालकाच्या जागी दुसरा मोठा मालक आणला, की गाव पुन्हा तेथेच येऊन उभे राहते. गेल्झेनकिर्शेनमधील बेकारी आजही जर्मनीतील सर्वाधिक बेकारींपैकी एक आहे.

एसेन शहरातील झोलफेराइन ही खाण १९८६ मध्ये बंद झाली. ती पाडून टाकण्याऐवजी जपली गेली आणि २००१ मध्ये जागतिक वारसास्थळ झाली. हे सारे छायाचित्रांत सुंदर दिसते. छायाचित्रांत न दिसणारी गोष्ट अशी, की शतकभराच्या खोदकामाने रूरची जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे. तेथील पंप थांबले तर वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. म्हणजे खाणी संपल्या, पण उपसा कायमचा चालवावा लागणार आहे. त्या खर्चासाठी २००७ मध्ये एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन करण्यात आले. कोळसा कंपनीकडे असलेल्या रसायन उद्योगाचे समभाग त्याच्याकडे देण्यात आले आणि त्यांच्या उत्पन्नातून हा उपसा चालतो. कोळसा निघत होता तेव्हाच, तो निघायचा बंद झाल्यावरचा पैसा बाजूला काढण्यात आला.

जमीन कोणाची?

आता घरी परत येऊ. आपल्याकडे जमीन खचण्याची कल्पना परदेशातून आणण्याची गरज नाही. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. खाण बंद होण्याचा अर्थ जमिनीच्या पोटात काय होतो, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आणि आठवड्याभरात विसरूनही गेला.

जमिनीचा दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. कोळशासाठी जमीन प्रामुख्याने १९५७च्या कायद्याने संपादित होते. त्या कायद्यात कोळसा संपल्यावर जमीन मूळ मालकाला परत देण्याची सोय नाही. २०२२ मध्ये केंद्राने अशा जमिनीच्या पुढील वापराचे धोरण ठरवले, तेव्हाही मालकी सरकारी कंपनीकडेच ठेवली. दोन एकरांमागे एक नोकरी, हा आपल्याकडील परिचित हिशेब आहे. याचा तीन पिढ्यांचा अर्थ काय होतो ते पाहा. आजोबांनी जमीन दिली. वडिलांना नोकरी मिळाली. वडील निवृत्त झाले, खाणही बंद झाली. नातवाकडे नोकरी नाही आणि परत जायला शेतही नाही. ज्याला आपण मोबदला म्हणतो, तो प्रत्यक्षात एका पिढीचा पगार होता.

वसाहतीच्या बाजारपेठेचेही तसेच. अनेक दुकाने कंपनीच्या जमिनीवर उभी आहेत. तीस-चाळीस वर्षे धंदा केलेल्या माणसाजवळ जागेचा कागद नाही. कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून दुसरा धंदा उभारता येत नाही, आणि जागा विकून निघून जावे म्हटले तर विकायला त्याच्या मालकीचे काही नाही. खाण बंद झाल्यावर कौशल्यविकासाची शिबिरे भरवली जातात. शिबिरांना माझा विरोध नाही. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापूर्वी ती भिंत कोणाच्या नावावर आहे, हे विचारले पाहिजे.

काही चांगले प्रयत्नही झाले आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. 'वेकोलि'ने नागपूर जिल्ह्यात खाणीवरील मातीच्या ढिगाऱ्यांतून वाळू वेगळी काढली. नदीपात्रे ओरबाडली जात असताना हा उपक्रम मोलाचा आहे, आणि ती वाळू घरकुलांच्या बांधकामाला गेली. पाटणसावंगीला खाणीचे पाणी शुद्ध करून बाटल्यांत भरण्याचा प्रकल्प झाला. सावनेरला पर्यटकांना भूमिगत खाण दाखवण्याची सोय झाली. याचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त पाहायला जाल तेव्हा, एवढ्या कामावर किती घरांची चूल पेटते, हेही विचारून या. जेथे एका भूमिगत खाणीने शेकडो माणसे पोसली, तेथे एक उद्यान आणि एक उपाहारगृह पुरे पडत नाही.

मग पुरे पडेल असे काय? पैसा कोठे आहे, तेथून सुरुवात करू. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणचालकाने स्वामित्वधनाच्या वर १० किंवा ३० टक्के रक्कम या निधीत भरायची असते. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा पैसा थोडा नाही. पण त्याची एक गोम आहे. खाण चालू तोवर निधी येतो. खाण बंद झाली की त्या खाणीचा निधीही बंद, म्हणजे नेमकी गरज निर्माण होते त्याच दिवशी. आजवर यातून रस्ते झाले, सभागृहे झाली, इमारती झाल्या. इमारत डोळ्यांना दिसते, तिचे उद्घाटन करता येते. राखून ठेवलेल्या रकमेचे उद्घाटन कोण करणार? २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत, निधीचा काही भाग खाणकाम थांबलेल्या भागातील उपजीविकेसाठी कायम ठेव म्हणून ठेवण्याची तरतूद आली आहे. ती मर्यादित आहे, पण आहे. आपल्या जिल्ह्यात त्या खात्यावर किती रक्कम पडली, हा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारता येतो.

दुसरा पैसा खाण बंद करण्याच्या आराखड्याचा. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीला असा आराखडा करावा लागतो आणि त्यासाठी हेक्टरी ठरावीक रक्कम दरवर्षी स्वतंत्र खात्यात जमा करावी लागते. अंतिम आराखडा खाण बंद होण्याच्या निदान पाच वर्षे आधी सादर व्हावा, असा दंडक त्या वेळीच घालण्यात आला. बराच काळ या आराखड्यांचा भर खड्डे बुजवणे, माती पसरवणे, झाडे लावणे आणि कुंपण घालणे यांवर राहिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी तत्त्वे आली, त्यांत गावकऱ्यांच्या उपजीविकेचा विचार अधिक स्पष्टपणे आला आहे. परंतु हा आराखडा ज्या गावासाठी आहे, त्या गावात तो कोणी वाचला आहे का? येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी आपल्या जवळच्या खाणीचा आराखडा पाहिला आहे, असे विचारले तर हात वर होतील असे मला वाटत नाही.

कार्यकर्त्यांना माझी विनंती कामाच्या स्वरूपाची आहे. आपापल्या भागातील खाणींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर तिचे उरलेले आयुष्य लिहा. ज्या खाणीला दहा वर्षांहून कमी काळ उरला आहे, तेथील ग्रामसभेत चार गोष्टींची मागणी होऊ द्या: आराखड्याची मराठी प्रत, वसाहतीतील दुकानदारांना जागेचे पट्टे, उपशाच्या पाण्याचे पुढे काय, याचे लेखी उत्तर, आणि कंत्राटी मजुरांची नावनिशीवार नोंद. शेवटची नोंद कंपनी करणार नसेल तर आपण करावी. वही आणि पेन एवढेच त्याला लागते. पट्ट्यांचे काम सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी केंद्र, राज्य आणि कंपनी या तिघांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतील. पाच वर्षे त्यातच जातील. म्हणून ते पहिल्यांदा हाती घ्यावे.